शॉकअपचा ब्लाउज

अण्णा गेला त्या आठवड्यात भेटायला येणाऱ्यांमध्ये काही माणसं अशी होती, ज्यांना मी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मिशा पिकलेल्या, एक जण पाय ओढत चालणारा, एकाच्या हाताचं कोपर आयुष्यभर वाकडं राहिलेलं. त्यांनी चपला दाराबाहेर नीट ओळीत काढल्या आणि आत येऊन भिंतीला लागून उभे राहिले. त्यांतला पाय ओढणारा अण्णाच्या फोटोसमोर हात जोडून म्हणाला, “नम्म रविके होगबिट्ट.” आमचा रविके गेला. भाच्याची बायको पुण्याची आहे, इथे येऊन तिला फार दिवस झालेले नाहीत. तिनं हळूच विचारलं, “आत्या, रविके म्हणजे काय? त्यांचं टोपणनाव होतं का?” मी म्हटलं, “कन्नडमध्ये ब्लाउजला रविके म्हणतात.” तिला वाटलं माझं ऐकण्यात काहीतरी चुकलं. मी कॉफी ठेवते म्हणून स्वयंपाकघरात गेले. तिथे उभी असताना माझ्या लक्षात आलं की माझे कान तापले आहेत. या वयात, सख्खा भाऊ जाऊन चार दिवस झालेले असताना, मला लाज वाटत होती, आणि ती अगदी जुनीच, ओळखीची लाज होती.

आम्ही कन्नड मुलखात, येलहंक्याच्या जुन्या भागात राहत होतो. दोन खोल्या आणि मागे न्हाणीघर. बाहेरच्या खोलीत दाराकडे तोंड करून आईचं शिलाई मशीन, कारण उजेड तेवढाच. आई बायकांचे ब्लाउज शिवायची. बाबा यशवंतपूरच्या मंडीत गुळाच्या व्यापाऱ्याकडे कारकून होते. संध्याकाळी ते घरी आले की दारातूनच गुळाचा आणि तागाच्या पोत्यांचा वास यायचा. जेवायला रोज हुळी-भात असायचा. आमचं वरण कधीच हुळी झालं होतं, आणि आमची भाषाही तशीच झाली होती. आई मला म्हणायची, “स्वल्प सरक ग, उजेड अडवू नकोस,” आणि त्यात काही वेगळं आहे असं आम्हाला वाटायचं नाही. डोक्यावरून विमानदलाची विमानं जायची. विमान आलं की मापं देणाऱ्या बायका बोलायच्या थांबायच्या आणि आईची कात्री कापडावर अधांतरी थांबायची. विमान गेलं की कात्री पुढे आणि गप्पाही पुढे. मी कोपऱ्यात वाचनालयाचं पुस्तक घेऊन बसायची आणि विमान चालू असतानाही वाचत राहायची. आई म्हणायची, हिला बॉम्ब पडला तरी पान संपवूनच उठायचं असतं.

आईच्या कामात एक शिस्त होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शिंपी कापड मारतो, हे आमच्याकडे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. आईचं नाव होतं ते यासाठी की ती कापड मारत नसे. ब्लाउज शिवून झाला की उरलेलं कापड, मग ते तळहाताएवढं का असेना, ती गुंडाळून त्याच ब्लाउजच्या बाहीत खुपसून द्यायची. बायका एकमेकींना सांगायच्या, तिच्याकडे टाका, बाहीत हात घालून बघा. शिवण तर बऱ्याच जणींना येत होती. आमचं घर त्या बाहीवर चालायचं.

अण्णा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, एका गॅरेजात कामाला. मोडीत निघालेली एक टू-स्ट्रोक मोटरसायकल त्यानं सुट्या भागांतून उभी केली होती आणि तीवर तो मातीतल्या शर्यती खेळायचा. देवनहळ्ळीच्या पुढे आटलेल्या तळ्याच्या पात्रात या शर्यती व्हायच्या. आता तिथे प्लॉट पाडून घरांचं लेआउट झालं आहे. विमानतळाकडे जाताना टॅक्सीतून त्याची कमान दिसते, आणि ड्रायव्हरला सांगितलं की इथे तळं होतं, तर तो नुसती मान हलवतो. उन्हाळ्यात चिखल वाळून भेगा पडल्या की पोरं टेकाडं रचायची, वळणं आखायची. धूळ बसावी म्हणून शर्यतीआधी टँकरनं पाणी मारायचे आणि मग धुळीचा नुसता गिलावा व्हायचा.

त्या गिलाव्यात सगळ्यात आधी शॉकअ‍ॅब्झॉर्बर मरायचे. गॅरेजात त्याला सगळे शॉकअप म्हणत. त्यात एक गुळगुळीत दांडा असतो, तो तेलात वरखाली होतो. दांड्यावर माती बसली की ती त्याच्याबरोबर आत जाते आणि तोंडाशी असलेलं रबराचं सील कातरते. मग तेल गळतं, शॉकअप नुसता उसळत राहतो, आणि टेकाडावरून उतरताना गाडी माणसाला फेकून देते. अण्णाला तिनं दोनदा फेकलं होतं. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांच्या गाड्यांना बाहेरून मागवलेली आवरणं होती. बाकीचे स्कूटरची जुनी ट्यूब कापून चढवत. पण ट्यूबमध्ये एकदा शिरलेली माती बाहेर पडत नसे, आतल्या आत पॉलिश कागदासारखी दांडा घासत राही. अण्णानं बाबांचे जुने मोजे चढवून पाहिले. ते पहिल्याच फेरीत फाटले आणि बाबा आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

एका रविवारी अण्णा मागच्या अंगणात रॉकेलनं दांडा पुसत बसला होता. कोपर सोललेलं, त्यावर हळद. आई भांडी घासायला आली आणि उभी राहिली.

“ह्याला काय झालं?”

“माती जाते आत.”

“मग झाक की.”

“झाकलं की माती आतच राहते, आई. आणि दर फेरीनंतर काढून धुवायला पाहिजे. शिवून टाकलं तर काढणार कसं?”

आई हात पुसून आत गेली आणि टेप घेऊन आली. तिनं शॉकअपचा वरचा घेर घेतला, खालचा घेर घेतला, उंची घेतली. अण्णाला गाडीवर बसायला सांगून दबलेली उंची पुन्हा घेतली. मी दारातून बघत होते. बायकांची मापं घेताना ती जशी ओठ मिटून आकडे मनात ठेवायची, तशीच ठेवत होती. “खालून स्वल्प मोकळं सोडते,” ती म्हणाली. “आत गेलेलं पडेल खाली. बाजूनं हुक लावते. ब्लाउज काढायला किती वेळ लागतो?”

“मला काय माहीत?” अण्णा म्हणाला, आणि आईनं त्याला टेपनंच मारलं.

पहिली जोडी सुती कापडाची झाली. ती पाणी प्यायली, जड झाली आणि दांड्याला चिकटून बसली. मग आईनं ट्रंक उघडली. त्या ट्रंकेत ओटीत आलेले खण होते. आमच्या घरांतून हे खण कसे फिरतात ते वाचणाऱ्यांना माहीत असेलच. हळदीकुंकवाला एकीनं दिला, तिनं दुसरीला दिला, असे ते वर्षानुवर्षं घड्या न मोडता हिंडत असतात. चकचकीत, गुळगुळीत, कडेला खोटी जर. दुकानदार ते मुद्दाम तोकडे कापतात. ब्लाउज होत नाही त्याचा, लहान मुलीचाही जेमतेम. पण त्या कापडावर पाणी ठरत नव्हतं आणि मातीही ठरत नव्हती. आईनं वरचाच एक खण काढला. पोपटी, गुलाबी काठाचा. तो गिरणीवाल्या सुलोचनाक्कांच्या घरून आला होता, त्यांच्या लेकीच्या, विद्याच्या डोहाळजेवणात. आईनं तो कपाळाला लावला, क्षणभर हातात धरला आणि कापला. मी म्हटलं, “ओटीचा आहे ना?” ती म्हणाली, “अण्णाच्या हाडांना लागतोय. देवीला कळतं.”

चुण्या घातलेली, अस्तर लावलेली, बाजूला हुकांची रांग असलेली ती जोडी अशी बसली की शॉकअप वरखाली झाला की चुण्या मिटायच्या आणि उघडायच्या. अण्णा प्रत्येक फेरीनंतर हुक काढायचा, आवरणं झटकून बादलीत बुचकळायचा. दांड्यावर आधी पाणी ओतायचा, मग तेलाचं फडकं फिरवायचा. कोरडा दांडा पुसायचा नाही, नाहीतर माती आपणच घासतो, हे तो सगळ्यांना सांगायचा. सीलं टिकली. पण पहिल्याच दिवशी माइकवरच्या माणसानं ओरडून सांगितलं, “नोड्री, रविके बंतू!” बघा, ब्लाउज आला. त्या दिवसापासून अण्णाला नाव उरलं नाही. त्याला स्वतःला त्याचं काहीच नव्हतं, तो हसायचा. कॉलेजात माझ्या वर्गातल्या एका मुलानं विचारलं, तुझा भाऊ ब्लाउज घालतो का ग? मी पुस्तकात तोंड घातलं आणि ते पान मला आजही वाचल्यासारखं आठवत नाही.

मोसमातली शेवटची शर्यत बघायला आई आली. अण्णानंच आग्रह केला. तिनं पहाटे उठून चित्रान्न केलं, शेंगदाणे जास्त घातले, काकड्या घेतल्या आणि ठेवणीतलं पातळ नेसली. मला ते पातळ बघूनच अवघडल्यासारखं झालं, कारण मला माहीत होतं तिथे बाया नसतात. पण त्या दिवशी होत्या. कप सुलोचनाक्कांच्या यजमानांनी ठेवला होता. त्यांची भाताची गिरणी होती आणि तळ्याच्या काठची जमीन त्यांचीच. मांडवात खुर्च्या होत्या आणि मधल्या खुर्चीवर सुलोचनाक्का. येलहंक्यातल्या आमच्या मराठी घरांत त्यांचा शब्द शेवटचा असे. आईकडे निम्म्या बायका त्यांच्याच सांगण्यावरून यायच्या. त्यांची सून मंजुळावहिनी मागे उभी राहून सगळ्यांना ताक देत होती.

अण्णा तिसरा आला. तोपर्यंत त्याचा सगळ्यात चांगला नंबर तोच. बक्षिसाला गाड्या मांडवासमोर आणायच्या होत्या, म्हणून पोरांनी त्यावर बादल्या ओतल्या. चिखल उतरला आणि दोन्ही शॉकअपवर पोपटी कापड उन्हात चमकायला लागलं. सुलोचनाक्का पुढे वाकल्या. उठल्या. गाडीपाशी जाऊन त्यांनी दोन बोटांत काठ धरला.

“हे तर आमच्या विद्याच्या ब्लाउजचं कापड,” त्या म्हणाल्या. मग आईकडे वळल्या. “तरीच म्हटलं, ह्या खेपेला बाहीत काही उरलेलं सापडलं कसं नाही.”

आईनं हातातला डबा खाली ठेवला.

“कापड मारायचं तर निदान बाईच्या अंगाला लावायचं ग. गाडीला कसले ब्लाउज घालतेस?” त्या हसत म्हणाल्या, आणि त्या हसल्या म्हणून मांडवातले सगळे हसले. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मी ते म्हणायला श्वास घेतला तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं. तिचा अंगठा शिवणाऱ्या बाईचा, कडक, आणि तो माझ्या हाडात रुतला. मग ती म्हणाली, “होय अक्का. उरलं होतं. द्यायचं राहून गेलं.”

मी मंजुळावहिनींकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित तेव्हाच काही कळलं असतं. मी माझ्या चपलांकडे पाहत होते.

खरी गोष्ट अशी होती. विद्याचा डोहाळजेवणाचा ब्लाउज आईनंच शिवला होता आणि उरलेलं कापड नेहमीसारखं बाहीत घालून दिलं होतं. कार्यक्रमाच्या दिवशी आई मागच्या खोलीत विद्याच्या साडीला फॉल लावत बसली होती, म्हणून आईची ओटी शेवटी भरली गेली, तीही मंजुळावहिनींच्या हातून. पोपटी खण असा आमच्या घरी आला होता. परतताना आम्ही बसनं आलो. चित्रान्नाचा डबा तसाच होता. घरी आल्यावर अण्णानं विचारलं, “सांगितलं का नाहीस? त्यांच्याच घरून मिळालाय.”

“काय सांगू? तुमच्या लेकीच्या डोहाळजेवणाची ओटी मी चिखलात फिरवली? तिचे दिवस भरत आलेत.”

“तू मानतेस का असलं?”

“मी नाही मानत. विद्या मानते. उद्या काही झालं तर ती जन्मभर माझ्याकडे बघेल. आणि ती मंजुळा. अक्कांना न विचारता घातलं असणार तिनं. तिला घरात ठेवतील का सुखानं?”

बाबा भिंतीला टेकून बसले होते. “आणि तुझं नाव?” त्यांनी विचारलं.

“विद्या मोकळी होऊ दे,” आई म्हणाली. तिनं मशीनवर झाकण घातलं.

पुढचे दिवस मी विसरू शकत नाही, कारण भांडण असं कुणीच केलं नाही. बायका यायच्या आणि फार गोड बोलायच्या. “तसं नाही हं, पण कापड जरा मोजून घ्याल का माझ्यासमोर?” असं म्हणायच्या. काही जणी न कापलेलं कापड परत न्यायला आल्या. घरात लग्न लांबलंय, अशी कारणं द्यायच्या. आई प्रत्येकीसमोर टेप लावायची, आकडा मोठ्यानं वाचायची आणि ब्लाउज दिला की उरलेले तुकडे बाहीत न घालता त्यांच्यासमोर मांडायची. दोऱ्याएवढ्या कातरणीसुद्धा. विमानं जायची, पण आता कात्री थांबवावी लागेना, कारण ती बराच वेळ नुसती पडून असायची. मी कॉलेजातून येताना गल्लीच्या तोंडाशी पावलं हळू करायची. आज विचार करते की मला नक्की कशाची लाज वाटत होती. आई निर्दोष होती हे मला माहीत होतं. पण लाजेला ते कळत नाही. चार लोकांनी आपल्या आईकडे एका नजरेनं पाहिलं की ती नजर आपल्याही डोळ्यांत उतरते. टेप लावणाऱ्या आईच्या हातांकडे मीसुद्धा पाहत राहायची, ते हात काही लपवत तर नाहीत ना अशा तऱ्हेनं.

अण्णानं आवरणं काढून धुतली, वाळवली आणि आईच्या ट्रंकेत ठेवली. पुढच्या सरावाला त्यानं गाडी उघडीच नेली. मित्रांनी ट्यूब देऊ केली, ती घेतली नाही. महिन्याभरात दांड्यांवर ओरखडे उठले, दोन्ही बाजूंनी तेल गळायला लागलं आणि अंगणात जिथे गाडी उभी राहायची तिथल्या फरशीवर काळे गोल उमटले. आईनं एकदा विचारलं, “असं का करतोस? माझ्यावर राग आहे?” तो म्हणाला, “तुला उघडं पाडलंय, मग गाडी का झाकून फिरवू?” त्या दिवशी आईनं त्याच्या ताटात दोनदा तूप वाढलं.

नंतरच्या काळात त्याच पोरांनी आईकडून कितीतरी आवरणं शिवून घेतली, ती माणसं फोटोसमोर उभी राहिली ती त्यामुळेही. पण ते सगळं पुढचं आहे, आणि त्यातलं काही मला त्या उन्हाळ्याइतकं स्पष्ट आठवत नाही.

विद्याला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. बारशाचं बोलावणं आम्हालाही आलं. वगळलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, म्हणून आलं असावं. मी जाऊ नको म्हटलं. आई म्हणाली, “बाळाला बघायचंय मला.” ती रोजचंच, धुवट पातळ नेसली. पाळणा फुलांनी सजवला होता, घुगऱ्यांचा वास सगळ्या घरात होता. बायकांनी आम्हाला जागा दिली, पण जरा जास्तच दिली. आमच्या दोन्ही बाजूंना सतरंजी रिकामी राहिली. नाव ठेवून झालं आणि ओट्या भरायला सुरुवात झाली. सुलोचनाक्का पाळण्याजवळच्या पाटावर बसून बघत होत्या. ताट घेऊन मंजुळावहिनी एकेकीसमोर येत होत्या. आईसमोर आल्या तेव्हा त्यांनी ताटाच्या तळातून एक खण काढला. जाड, निळा, बाकीच्यांसारखा चकचकीत नव्हता. आईनं पदर पसरला, खण हातात घेतला आणि शिंपिणीच्या सवयीनं त्याची घडी उलगडली. बोटांच्या टोकापासून खांद्यापर्यंत हातावर धरला. कापड मारणारी बाई कापड मोजते आहे, हे सगळ्या जणी बघत होत्या. जमिनीनं फाटून मला आत घ्यावं असं वाटलं.

“ह्याचा होईल ब्लाउज,” आई म्हणाली.

ती हे मुद्दाम बोलली की नुसतं बोलून गेली, हे मी तिला पुढे कधीच विचारू शकले नाही. मंजुळावहिनींनी ओंजळीत तांदूळ घेतले होते. त्यांनी सासूकडे पाहिलं आणि कुणी काही विचारलं नसताना म्हणाल्या, “त्या दिवशी खण संपले होते, अत्ते. विद्याच्या ब्लाउजचं कापड बाहीत होतं. तेच कापून मी यांच्या ओटीत घातलं. ब्लाउज होणार नाही एवढंसंच होतं. मला माहीत होतं.” एवढं बोलेपर्यंत ओंजळ सुटली आणि तांदूळ आईच्या पदरात न पडता सगळ्या जमिनीवर पसरले, पाळण्याच्या खाली, पाटाच्या खाली.

सुलोचनाक्का आईकडे पाहत राहिल्या. आईनं पदर तसाच पसरून धरला होता आणि मान खाली घातली होती, जणू चोरी आत्ता तिच्याकडून झाली आहे. मग आई खाली बसली आणि तांदूळ वेचायला लागली. मंजुळावहिनी बसल्या. अक्कांचे गुडघे दुखायचे, त्या जमिनीवर बसत नसत हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी पाळण्याचा खांब धरला, एक गुडघा टेकवला, मग दुसरा, आणि त्याही वेचायला लागल्या. मीही ओणवी झाले. आम्ही चौघी एकमेकींकडे न बघता दाणा दाणा उचलत होतो. बराच वेळ. तांदूळ केव्हाच संपले होते, तरी आमची बोटं सतरंजीवरून फिरत राहिली, कारण आधी मान वर करायची कुणाचीच तयारी नव्हती.